देवबागची उलटी होडी

माझ्या दुकानाची पायरी चढायच्या आधीच गिऱ्हाईक एक प्रश्न विचारतं. "काका, किती पट दिसता?" मग ते सूक्ष्मदर्शक घ्यायला आलेलं असो की दुर्बीण. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, एसटीच्या थांब्यासमोर मी बत्तीस वर्षं दुकान चालवलं, आणि या प्रश्नाने माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं कशानेच फिरलं नाही. बाजारात मासे घेताना आपण 'किती मोठा' एवढंच विचारतो का? ताजा आहे का बघतो, कालवण करायचं की तळायचं ते ठरवतो. भिंगाच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंसुद्धा फक्त आकडा विचारतात.

गेल्या वर्षी दुकान भाच्याच्या हाती सोपवलं. आता तो सांभाळतो आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. फिलोमिना, माझी बायको, म्हणते की तुम्हाला निवृत्त झालेलं फक्त आरशाला माहीत आहे. या अंकासाठी धंद्याबद्दल लिहा असं संपादकांचं सांगणं आलं, तेव्हा तीच म्हणाली, "लिवा. घरात ऐकणारां कोण उरलां नाय, वाचणारां तरी मिळतीत." म्हणून लिहितो आहे.

आधी धंदा समजावून सांगतो, दोन मिनिटं लागतील. दुर्बिणीला दोन भिंगं असतात. पुढचं मोठं आणि डोळ्याजवळचं लहान. पुढचं उजेड गोळा करतं. ते जेवढं रुंद तेवढा उजेड जास्त. डोळ्याजवळचं भिंग तो उजेड पसरून दाखवतं, आणि किती पसरायचा हे त्या भिंगावर ठरतं. आमच्याकडच्या बायकांना मी हे घावनावरून सांगतो. पळीभर पिठाचं घावन बेताच्या तव्यावर घातलं तर जाळी पडते, छान होतं. तेवढंच पीठ परातीएवढं पसरलंत तर घावन राहतं का? नुसती भोकं. खोक्यावर 'पाचशे पट' छापलेल्या दुर्बिणी म्हणजे पळीभर पीठ आणि अंगणाएवढा तवा. बायकांना हे एका दमात कळतं. पुरुष मात्र "तरी पण काका, जास्तीत जास्त किती?" असं विचारतातच.

म्हणून मी एक नियम केला होता. भिंग देण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, कोण बघणार आणि काय बघणार. कसालहून एक काजूवाले बागायतदार आले होते. मोहोरावर ढेकण्या पडतो, रस शोषणारा बारीक किडा, तो बघायला कॉलेजात असतं तसं मोठं यंत्र पाहिजे म्हणाले. मी त्यांच्या हातात दहापट दाखवणारं घडीचं भिंग ठेवलं, जे शर्टाच्या खिशात मावतं. त्यांचा चेहरा पडला. एवढ्या लांबून येऊन हे एवढंसं न्यायचं? मी म्हटलं, ढेकण्या तुमच्या टेबलावर येऊन बसणार आहे का? तुम्ही त्याच्याकडे जायचं आहे, झाडावर. रागावून घेऊन गेले. पुढच्या मोसमात आणखी तीन न्यायला आले, भावांसाठी. तेव्हा मी फक्त चहा जरा गोड करायला सांगितला.

हा नियम मला शिकवला तो गावडेमामांनी. ते एका हायस्कुलात शिपाई होते. पावसाळ्याआधी आमच्याकडे कोयते, विळे, कुलपं, बिजागऱ्या सगळ्यांना खोबरेल लावून ठेवायची पद्धत आहे, नाहीतर खारी हवा आणि पाऊस मिळून लोखंड खातात. मामांनी मे महिन्यात प्रयोगशाळेतल्या बाराही सूक्ष्मदर्शकांना खोबरेल लावलं. स्क्रूंना लावलं, दांड्यांना लावलं आणि भिंगांनाही आतून बाहेरून, प्रेमाने चोळून लावलं. ऑगस्टात मला बोलावलं तेव्हा प्रत्येक भिंगात बुरशीचं रान माजलं होतं.

मी भडकून बोलायला तोंड उघडलं. मामा शांतपणे म्हणाले, सर स्वतः त्या मोठ्या भिंगाला तेल लावतात, मी डोळ्यांनी बघितलं आहे. आणि ते खरं होतं. सगळ्यात जास्त मोठं दाखवणारं भिंग काचपट्टीवरच्या तेलाच्या थेंबात टेकवूनच वापरतात. ते तेल वेगळं, पण हे मामांना कोणी सांगितलं नव्हतं. बाकी अकरा महिने जे यंत्र ते रोज पुसत होते, त्यातून काय दिसतं हे एकदाही कोणी त्यांना दाखवलं नव्हतं. मी आठवडाभर कापसाच्या बोळ्यांनी भिंगं साफ केली आणि शेवटच्या दिवशी मामांना कांद्याची साल दाखवली. ते इतका वेळ वाकून बघत राहिले की घंटा द्यायची राहिली आणि एक तास गणिताचा जास्त झाला. मुलांनी त्याबद्दल मला माफ केलं असेल की नाही ठाऊक नाही.

तर नियम असा पक्का. आणि तो मी मोडला देवबागला.

देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. तिथे शीतल नावाची एक हुशार बाई होमस्टे चालवते. नवरा बाबल मासेमारी करतो, स्वतःची लहान होडी आहे. घरात तिसरं माणूस म्हणजे बाबलची आई, तुळसाआये, पंचाहत्तरीच्या पुढची. शीतलने पाहुण्यांसाठी ऑनलाइन दुर्बीण मागवली होती. खोक्यावर पाचशे पंचवीस पट. पाहुण्यांना त्यातून चंद्र दाखवायला गेली तर पांढरा धूर दिसला. लोक हसले. तिने मला फोन केला.

मी गेलो. पुढचं भिंग चांगलं निघालं, दोष डोळ्याजवळच्या भिंगात होता, घावनाचाच प्रकार. ते काढून मी माझ्याकडचं अठ्ठावीस पट दाखवणारं भिंग बसवलं. आता या दुर्बिणीत डोळ्याशी एक वाकलेली नळी असते, तिला आम्ही कोपर म्हणतो, त्यात लहानसा आरसा. तो आरसा खाऱ्या हवेने पार डागाळला होता. मी कोपर काढून बाजूला ठेवला आणि भिंग सरळ नळीतच लावलं. चित्र असं लख्ख आलं की मीच खूश झालो. फक्त एक झालं. आरसा गेला की दुर्बिणीतलं चित्र उलटं दिसतं. खालचं वर, वरचं खाली. मला ते इतक्या वर्षांच्या सवयीचं. शीतलला म्हटलं, चंद्राला आणि ग्रहांना वर-खाली नसतं, काही काळजी करू नको. तिने सुरमई तळली होती. पोट भरून जेवलो, आणि स्वतःवर भलताच खूश होऊन स्कूटरवरून घरी आलो.

कोण बघणार, हे विचारायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी शीतलचा फोन आला. "काका, तुमी येवा. बांगडो लागलो हा आणि होडी वाळयेर आसा. आये ह्यांका दर्यात सोडणा नाय."

बांगडा लागणं म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको, इतरांना सांगतो. पावसाळ्यानंतर बांगड्याचे थवे काठाजवळ येतात. थोडेच दिवस. तेवढ्यात ज्याने जाळं टाकलं त्याचं वर्ष उभं राहिलं. त्या दिवसांत होडी वाळूवर ठेवणं म्हणजे भातकापणीला विळा टांगून बसणं.

गेलो तर होडी खरंच सुरूच्या झाडांखाली, आणि बाबल तिच्या सावलीत बसून न फाटलेलं जाळं विणतोय. ओटीवर तुळसाआये माडाच्या झापाचे हीर, केरसुणीच्या काड्या, काढत होती. दुर्बिणीवर चादर टाकली होती, मयताच्या घरात आरशावर टाकतात तशी. शीतलने सांगितलं ते असं. मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आयेने सहज दुर्बिणीला डोळा लावला. बाबल दर्यात होता. तिला लांबवर आपली होडी दिसली, रंगावरून ओळखली, आणि ती उलटी होती. आकाशात टांगलेली, बुड वर. म्हातारी तिथेच खाली बसली. बाबल तासाभराने हसत, टोपली भरून परत आला, तरी तिचा थरकाप जाईना. त्या दिवसापासून त्याने पाण्यात पाय ठेवायचा नाही.

इथे मी काय करावं? शहाण्या माणसाने गप्प बसून विचारावं. मी शास्त्र सांगायला बसलो. उजेडाच्या रेषा भिंगातून जाताना एकमेकींना ओलांडतात, वरची खाली जाते, वगैरे. तिने मान डोलावली आणि पुढचा हीर काढला. मग मला सुचलं, प्रात्यक्षिक दाखवू. चादर काढली आणि समोरचा माड दाखवला. "बघ आये, माडसुद्धा उलटो दिसता. म्हणजे तो उलटो आसा काय?" तिने बघितलं. बरं, म्हणाली. मला जोर आला. मी दुर्बीण फिरवली आणि तिला लांबच्या देवळाचा कळस दाखवला.

तो कळसही उलटा दिसला, दिसणारच. म्हातारी उठून उभी राहिली. इतका वेळ ती मला वेडा समजत होती, आता पापी समजू लागली. दुर्बिणीवर स्वतःच्या हाताने चादर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उलटी होडी माका दाखव नको रे झिला. एक बघलंय. ती पुरे झाली."

मला कळलं नाही. बाबलने मला खूण केली आणि आम्ही वाळूवर उतरलो. पाण्याच्या काठाशी आल्यावर तो म्हणाला, "बापूस गेलो तेव्हा मी अकरा वर्षांचो होतंय. होडी उलटी होवन कर्लीच्या तोंडाक इली. आये थंयसरच उभी होती."

त्याने जागा दाखवली. ओटीवरून सरळ दिसते ती. बाप दुसऱ्या दिवशी मिळाला.

मला लाज वाटली. लिहितानाही वाटते आहे. ज्या बाईने नवऱ्याची होडी बुड वर करून येताना बघितली, तिला मी उजेडाच्या रेषा शिकवत होतो, आणि शेवटी तिच्या देवाचं देऊळसुद्धा उलटं करून दाखवलं. गावडेमामांना कोणी काही सांगितलं नव्हतं म्हणून त्यांची चूक झाली. मी तर विचारलंच नव्हतं.

चित्र सरळ करणं अवघड नाही. त्यासाठी प्रिझम लागतो, काचेचा त्रिकोणी ठोकळा. माझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याला फोन केला. माल संपलाय, दहा-बारा दिवस लागतील म्हणाला. बांगडा दहा दिवस थांबत नाही. त्या रात्री जेवताना मी भाच्याची एकही चूक काढली नाही, म्हणून फिलोमिनाने ओळखलं की काहीतरी मोठं बिघडलंय. सगळं सांगितलं. ती उठली, आत गेली आणि तांदळाचा डबा घेऊन आली.

त्या डब्यात माझ्या धाकट्या काकाची दुर्बीण असते. काका गोव्याहून बोटीवर लागला, आयुष्य दर्यावर काढलं, आणि येताना ही दोन डोळ्यांची दुर्बीण घेऊन आला. लहानपणी त्याने ती माझ्या डोळ्याला लावली आणि मी या धंद्याचा झालो. बुरशी लागू नये म्हणून ती वर्षभर कापडात गुंडाळून भाजलेल्या तांदळात ठेवतो. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीत चित्र सरळ दिसतं, कारण प्रत्येक बाजूच्या नळीत प्रिझमची एक जोडी असते. हे फिलोमिनाला मीच कधीतरी सांगितलं असणार. म्हणजे घरात कोणी ऐकत नाही हे खरं नव्हतं.

"एक बाजू आंधळी होतली. काकाक दोन डोळे होते," मी म्हटलं.

"तो पण दर्याचोच माणूस होतो, नाय म्हणूचो नाय," ती म्हणाली, आणि तांदूळ झाडून दुर्बीण माझ्यासमोर ठेवली.

अख्खी दुर्बीणच आयेला दिली असती, पण तिच्यातून लांबची होडी ठिपक्याएवढीच दिसते. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूच्या नळीतून दोन्ही प्रिझम काढले. नळाच्या प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा घेतला, आतून काळा रंग दिला, आणि प्रिझम एकमेकांशी काटकोनात बसवायला घेतले. इथे एक गोम आहे. दोन प्रिझममधला काटकोन केसभर चुकला तर चित्र उलटं होत नाही, पण तिरकं होतं. दुकानाच्या दारातून एसटीच्या थांब्याकडे बघितलं तर थांबा कलंडलेला. कसालची गाडी आली, तीही एका अंगावर झुकलेली. म्हाताऱ्या बाईला कललेली होडी दाखवण्यात काय हशील? पुन्हा सोडवले, पुन्हा बसवले. बाजारातली चार रिकामी माणसं जमली आणि 'एसटी सरळ झाली काय' असं दर पाच मिनिटांनी विचारू लागली. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला एसटी सरळ झाली. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरला वाटलं गाडी वेळेवर आली म्हणून.

त्याच्या पुढच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी देवबागला पोचलो. या वेळी मी काही समजावलं नाही. दुर्बीण लावली, ओटीवर तुळसाआयेच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "आये, तुका काय बघूक व्हया?"

हातातला हीर सोलून तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली की आधी शीतलला दाखव. शीतल वाळूवरून चालत लांब टोकापर्यंत गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आयेने डोळा लावला. डोकं वर, पाय खाली. पदर वाऱ्यावर उडत होता तोही उडावा तसाच. मग तिने सुरू बघितले, मग देऊळ. कळस आभाळाकडे. तिथे तिने हात जोडले, एक डोळा दुर्बिणीला लावलेलाच ठेवून. मग शेजाऱ्यांच्या होड्या परत येत होत्या त्या एकेक करून बघितल्या, प्रत्येक होडीचं नाव घेत. सातवी होडी किनाऱ्याला लागल्यावर दुर्बिणीपासून बाजूला झाली आणि बाबलला म्हणाली, "फाल्यां सकाळी जा."

मी त्या रात्री तिथेच राहिलो. पाइपातले प्रिझम हलले तर काय, ही भीती मला झोपू देईना. तांबडं फुटायला बाबल गेला. उजाडल्याबरोबर आये स्टुलावर बसली आणि मी तिच्यामागे उभा राहिलो, पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. लाटा, आणखी लाटा. मग ती थांबली.

"इली," ती म्हणाली. "सरळ आसा."

शीतल चुलीजवळून बाहेर आली. म्हातारी नुसती बघत होती, आणि गालावरून पाणी ओघळत होतं ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. ती बोलली ते असं: "टोपी घालूक नाय तेणां. सांगून सांगून तोंड दुखलां माझां."

मी इतका हसलो की तिने मागे वळून मला झापलं, दुर्बीण हालते म्हणून.

लोक विचारतात, सगळ्यात चांगलं काम कोणतं केलंस. कॉलेजांच्या प्रयोगशाळा मी उभ्या केल्या, एका संशोधकाला त्याच्या खेकड्यांच्या अंड्यांसाठी भिंग शोधून दिलं आणि त्याने आभाराचं पत्र पाठवलं, ते फ्रेम करून भिंतीवर आहे. पण उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर येतो तो नळाचा पाइप. काकाची दुर्बीण आता एकाच डोळ्याची आहे. कधीतरी तांदळातून काढून बघतो आणि उजव्या बाजूला नुसता अंधार दिसला की वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. मग डाव्या डोळ्याने बघतो.

तीन-चार आठवड्यांनी बाबल कट्ट्याला आला. हातात बांगड्यांची पिशवी. ती फिलोमिनाकडे दिली, खुर्चीत बसला, आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलला. हंगाम चांगला झाला, आये बरी आहे, रोज सकाळी स्टुलावर बसते, पाहुण्यांनाही सहजी बघू देत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तुमी ता पाइपातलां काढून टाका. आयेक उलटांच दिसांदे."

मी दचकलो. काय झालं म्हणून विचारलं. झालं होतं ते असं. डॉक्टरांनी त्याला बिडी सोडायला सांगितली होती. त्याने आयेसमोर, देवासमोर शपथ घेऊन सोडलीही होती. घरी ओढत नव्हता. दर्यात कोण बघतो? आता होडी किनाऱ्याला लागायच्या आत म्हातारी पाण्यात उभी असते आणि साऱ्या देवबागला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते की आज तीन ओढल्या. आणि ती आकड्यात कधी चुकत नाही.

मी त्याला सांगितलं की त्या पाइपात माझ्या काकाचा उजवा डोळा आहे, तो आता निघायचा नाही. तो मान खाजवत उठला. पायरीवर थांबला.

"तरी एक सांगतंय काका. येताना मी तिका हात वर करून दाखवतंय. माका ती इतक्या लांबसून दिसणा नाय. पण ती थंय आसा, ता माका म्हायत आसा."

मी विचारलं, "कुठचो हात?"

"रिकामो," तो म्हणाला. "दुसरो मागे धरतंय."

आणि समोर मालवणची गाडी लागली होती, सरळ उभी, तिच्याकडे पळाला.